उत्तर मॅनिटोबात पहिली स्किडू घेताना

प्रश्न: मी मूळ अमरावतीचा. जूनपासून कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या द पा या गावी रुग्णालयात नर्स आहे. हा आमचा इथला पहिला हिवाळा. यंदा क्लिअरवॉटर तळ्यावर मासे धरायला जायचं आहे आणि परवाने हातात आले की पुढच्या वर्षी मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला. दुकानदार ८५० सीसीची डोंगरी स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी) घ्या म्हणतो. ब्रॅम्प्टनचा मावसभाऊ म्हणतो, चार-स्ट्रोकची ट्रेलवरची घे. सोबतचा एक जण स्वतःची २०१५ सालची ५५० सीसीची स्कँडिक, म्हणजे ओझी ओढायची कामाची गाडी, ६,५०० डॉलरला विकतोय. २० इंची पट्टा, ७,४०० किमी चाललेली. यातली कोणती घेऊ? आणि चालवायला शिकू कसा?

उत्तर:

भाऊ, तिसरी बघून या. बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, पण तुमच्या कामाची तीच आहे. का ते सांगतो. पुढे पाच-सहा वर्षांनी दुसरी घ्याल तेव्हाही हीच कारणं उपयोगी पडतील.

मी मूळ भंडाऱ्याचा. तुमच्यापासून १४० किमी उत्तरेला, फ्लिन फ्लॉनला १९ हिवाळे काढलेत. २०२२ मध्ये इथली खाण बंद होईपर्यंत तिच्यातली यंत्रं दुरुस्त करायचो, आता स्नो लेककडच्या खाणीत तेच करतो. सुट्टीचे दिवस तळ्यावर आणि रानात जातात. स्नोमोबाइलला इथे सगळे स्किडूच म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. दुसरं म्हणजे मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, आणि इथे तो गोंधळ जिवावर बेतू शकतो. म्हणून आभाळातून पडतो त्याला मी स्नो म्हणेन आणि तळ्याचं पाणी गोठून होतो त्याला बर्फ.

गुलमर्गला किंवा सोलांगला पर्यटकांना फिरवणारी स्किडू तुम्ही पाहिली असेल. तिथे मागे कोणीतरी उभं असतं, वाट दाबलेली असते, आणि बिघडली तर चालत हॉटेलात जाता येतं. तुम्ही जिथे जाणार तिथे यातलं काहीच नाही. तळ्याच्या मध्यावर गाडी रुतली, पारा उणे ३०, दिवस साडेचारला मावळतोय आणि सोबत एकच माणूस, अशा वेळी ती तुम्हा दोघांच्या हातांनी निघाली पाहिजे. मी यंत्र निवडतो ते याच कसोटीवर. वेग, अश्वशक्ती, रंगरूप हे सगळं त्यानंतर.

डोंगरी गाडी वाईट नसते. तिचा पट्टा साधारण १५-१६ इंच रुंद, १५४ ते १६५ इंच लांब आणि दाते अडीच-तीन इंचांचे असतात. ब्रिटिश कोलंबियाच्या उतारावर छातीइतक्या भुसभुशीत स्नोत चढायला ती केलेली आहे. पण ती पाण्याने थंड होते, आणि ते पाणी गार व्हायला पट्ट्याने उडवलेला स्नो बोगद्याच्या, म्हणजे पट्ट्यावरच्या पत्र्याच्या खोक्याच्या, छताला सतत लागावा लागतो. वाऱ्याने झाडून काढलेल्या तळ्यावर उडायला स्नोच नसतो. दहा मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो, ज्यांना हायफॅक्स म्हणतात, त्यांनाही स्नोचंच वंगण लागतं. कोरड्या बर्फावर त्या वितळून चिकटतात. शिवाय सामानाची मजबूत जाळी नाही, ओढगाडी जोडायची सोय नाही, सावकाश ओढायचा लो गिअर नाही. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही, पण तुम्ही काय ओढणार हे त्याने विचारलेलं दिसत नाही.

मावसभाऊ त्याच्या जागी बरोबर आहे. दक्षिण ऑन्टॅरिओत यंत्राने सपाट केलेल्या वाटांचं जाळं आहे, पेट्रोल आणि कॉफी वाटेत मिळते. तिथे १२९ किंवा १३७ इंची पट्ट्याची चार-स्ट्रोक गाडी सुखाची असते आणि पेट्रोलही कमी पिते. तीच गाडी वाट सोडून शंभर फूट आत घाला, पोटापर्यंत रुतते. आणखी एक गोष्ट. या मोठ्या चार-स्ट्रोकना सहसा ओढून सुरू करायची दोरी नसते, सगळा भरवसा बॅटरीवर. उणे ३५ला रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली बॅटरी काय करेल ते सांगता येत नाही, आणि तळ्यावर हीटरची वायर खुपसायला खांब नसतो.

आता ती स्कँडिक. २० इंच रुंद आणि १५४ इंच लांब पट्टा, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या १५ इंची पट्ट्यापेक्षा एक तृतीयांश जागा जास्त. वजन पसरतं, गाडी वर राहते. इंजिन पंख्याने थंड होतं, त्यामुळे उघड्या बर्फावर ते तापत नाही. दोन-स्ट्रोक आहे. तिला दोरी आहे ना, आणि हातमोजे घालून ती ओढता येते ना, एवढं स्वतः ओढून बघा. खरा लो गिअर आहे. उणिवाही ऐका: वळताना हँडल जड लागतं, आवाज मोठा, आणि पेट्रोल भरपूर लागतं. मी अशा गाडीला दाबलेल्या वाटेवर १०० किमीला २५ लिटर धरतो आणि सैल स्नोत ओढगाडीसह ३५. टाकीतला एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, आणि उरलेल्याला हात लावायचा नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. पंख्याच्या नव्या गाड्या आता फार थोड्या मिळतात, म्हणून चांगली जुनी सापडली तर लोक सोडत नाहीत. जुन्यात यामाहाच्याही उत्तम यूटिलिटी गाड्या दिसतील. २०२५च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बनवणं थांबवणार असं यामाहाने २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. ती घ्यावीशी वाटली तर आधी जवळ सुटे भाग कोण ठेवतं ते विचारा.

कोणी म्हणेल, २० कशाला, २४ इंचीच घ्या, आणखी तरंगेल. मी तेच केलं होतं. सातव्या हिवाळ्यात २४ इंची, चार-स्ट्रोक, तीनशे किलोंच्या वरची गाडी घेतली. फेब्रुवारीत एका तळ्याच्या मधोमध ती स्लशमध्ये बसली.

स्लश म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण नकाशावर ती दिसत नाही. बर्फाचा थर पाण्यावर तरंगत असतो. त्यावर दोन-तीन फूट स्नो पडला की त्या ओझ्याने थर खाली दबतो, भेगांमधून पाणी वर येतं आणि स्नोच्या तळाशी पसरतं. वरचा स्नो गोधडीसारखा पांघरूण घालतो, त्यामुळे बाहेर उणे ३० असलं तरी ते पाणी गोठत नाही. वरून बघावं तर स्वच्छ पांढरं मैदान. खाली मात्र बर्फाचा गोळा खाऊन झाल्यावर पेल्यात जे उरतं तसं, पण फूटभर खोल. मोठा स्नो पडल्यानंतरचा आठवडा सगळ्यात वाईट. बेटांच्या आडोशाला, काठाजवळच्या ढिगांत आणि जुन्या भेगांच्या बाजूने ती जास्त असते.

त्या दिवशी आधी इंजिनाचा आवाज जड झाला. मागे वळून पाहिलं तर माझी वाट पांढरी नव्हती, राखाडी होती. तेव्हाच थ्रॉटल दाबून धरून मोठा गोल घेत आल्या वाटेला लागायला हवं होतं. मी थांबलो, काय झालं ते बघायला. गाडी हळूच बसली, बूट घोट्यापर्यंत पाण्यात. सोबत खाणीतला एक मित्र होता, क्री या इथल्या मूळनिवासी समाजातला, लहानपणापासून ट्रॅपलाइनवर, म्हणजे सापळे लावायच्या रानवाटेवर वाढलेला. आम्ही दोघांनी मागचा दांडा धरून जोर लावला, तीनशे किलो आणि पट्ट्यात अडकलेली स्लश इंचभरही उचलली गेली नाही. अर्ध्या तासात पट्ट्याच्या खिडक्यांत पाणी गोठून दगड झाला. त्याने कुऱ्हाड घेतली, काठावरून मनगटाएवढी स्प्रूस झाडाची खोडं आणली, पहारीची तरफ करून एकेक बाजू उचलत ती खाली सारली आणि म्हणाला, आता घरी. त्याच्या हलक्या गाडीवर दोघं परतलो. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा उघडी पडलेली स्लश टणक गोठली होती आणि गाडी लाकडांवर सुकी उभी होती. पट्ट्यातला बर्फ लाकडी हातोड्याने ठोकून काढायला दोन तास लागले. त्या उन्हाळ्यात मी ती विकली.

म्हणून स्लश लागली तर थांबायचं नाही, उभं राहायचं, थ्रॉटल एकसारखा ठेवायचा आणि कोरड्या किंवा दाबलेल्या जागेकडे वळायचं. अडकलातच तर थ्रॉटल सोडा. पट्टा जितका फिरवाल तितकी विहीर खोल होईल. पायांनी आजूबाजूचा स्नो तुडवा, थंडी लागू द्या; दहा-पंधरा मिनिटांत तो बऱ्यापैकी धरतो. पुढच्या स्की दोराने बाजूला ओढा, मग पट्ट्याखाली फांद्या घाला. जिथे संशय असेल तिथे आधी स्नोशू (स्नोत पाय रुतू नयेत म्हणून बुटांना बांधायच्या रुंद जाळ्या) घालून चालत जा आणि पहारीने टोचा. पहार ओली वर आली की समजा.

आता बर्फाच्या जाडीचं. कॅनडाच्या रेड क्रॉसचा आकडा लक्षात ठेवा: एकट्याने चालायला १५ सेंटिमीटर, स्नोमोबाइलला २५. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं ५ ते ७ इंच, म्हणजे १३ ते १८ सेंटिमीटर सांगतं. दोन्ही आकडे नव्या, नितळ, निळसर बर्फाचे आहेत. स्नो भिजून झालेला पांढरा बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरा, आणि राखाडी दिसला तर तिथे पाणी आहे असं समजून मागे फिरा. मी २५च धरतो, कारण माझ्यामागे ओढगाडी असते. जाडी दुप्पट झाली की पेलण्याची ताकद चौपट होते. उलट जाडी निम्मी झाली की ताकद चौथ्या हिश्शावर येते. म्हणून भोक एकदा पाडून भागत नाही. क्लिअरवॉटर खोल तळं आहे आणि खोल तळी उशिरा गोठतात, त्यामुळे शेजारचं उथळ तळं महिनाभर चालतंय म्हणून हेही चालेल असं धरू नका. दोन बेटांमधली चिंचोळी वाट, ओढा येतो आणि जातो ती तोंडं, बीव्हर या पाण्यात घर बांधणाऱ्या प्राण्याच्या घराजवळची जागा आणि पुलाखालचं पाणी ही चार ठिकाणं जानेवारीतही मला भरवशाची वाटत नाहीत. धरणांच्या जलाशयात, उदाहरणार्थ ग्रँड रॅपिड्सच्या धरणामागच्या सीडर तळ्यात, हिवाळ्यातही पाण्याची पातळी खालीवर होते. पाणी उतरलं की काठचा बर्फ आधाराविना लटकतो, चढलं की वर स्लश येते. तिथे स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नका. भंडाऱ्यात तलावात उतरायचं तर आधी ढीवरांना विचारायचो. इथे द पाच्या शेजारच्या ओपास्क्वायाक क्री नेशन या मूळनिवासी वस्तीतल्या जुन्या मासेमारांना विचारा. ते आनंदाने सांगतात.

बर्फ फुटून आत गेलात तर काय, हे तुम्ही नर्स असल्यामुळे लवकर समजाल. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त गारठ्याचे अभ्यासक आहेत. स्वतः गोठत्या पाण्यात उतरून त्यांनी प्रयोग केलेत. त्यांचा हिशोब १-१०-१. पहिलं मिनिट श्वास आटोक्यात आणायचं, कारण धाप लागून पाणी नाकातोंडात जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला जवळपास १ तास लागतो. म्हणजे घाईने मरण येत नाही, पण ती १० मिनिटं वाया घालवायची नाहीत. आला होता त्याच दिशेला तोंड करा, कारण त्या बाजूच्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. पाय मागे ताणून पाणी लाथाडा, गळ्यात अडकवलेले, बर्फात रोवायचे अणकुचीदार टोचे रोवून स्वतःला वर ओढा, आणि उभं न राहता गडगडत लांब जा. टोचे खिशात किंवा पेटीत ठेवू नका, गळ्यातच हवेत. तरंगणारा सूट महाग वाटेल, तरी पहिली खरेदी तीच करा. गाडीत हजार डॉलर वाचवा आणि त्याच्यात घाला.

गाडी बघायला जाताना मालकाला एवढंच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर हातमोजा काढून सिलिंडरला आणि सायलेन्सरला हात लावा. कोमट लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. थंडगार इंजिन किती ओढीत सुरू होतं ते बघायचंय. मग दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा; दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. मागची बाजू उचलून पट्टा हाताने फिरवा: चाकांची बेअरिंग खरखरतात का, दाते तुटलेत का, खिडक्यांच्या धातूच्या पट्ट्या गायब आहेत का. पायरीच्या खालून बोगद्याच्या पत्र्यावर हात फिरवा. सुरकुती लागली तर गाडी कुठेतरी आदळलेली आहे. चेनकेसच्या, म्हणजे चेन आणि गिअरच्या डब्याच्या, तेलात बोट बुडवून दोन बोटांत चोळा. चांदीसारखी बारीक चकाकी चालेल, कण टोचले तर नाही. एका ओळखीच्या दुकानातून मी घेतलेल्या गाडीत हे शेवटचं बघायचं राहून गेलं आणि जानेवारीत गिअर खाल्ले गेले. त्यांनी हात वर केले आणि बाराशे डॉलर माझे गेले. कर्जाचा बोजा मॅनिटोबाच्या पर्सनल प्रॉपर्टी रजिस्ट्रीत आणि नोंदणी मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्सकडे तपासून घ्या. नोंदणी आणि हेल्मेट सक्तीचंच आहे.

चालवणं. निघण्याआधी उभ्या गाडीचं हँडल दोन्हीकडे वळवून स्की मोकळ्या करा, मागचा दांडा धरून गाडी उचलून आपटा. रात्रीतून पट्टा जमिनीला चिकटलेला असतो. तसाच थ्रॉटल दिलात तर पट्टा हलत नाही आणि इंजिनाची ताकद पट्ट्याकडे नेणारा बेल्ट जळतो. जादा बेल्ट नेहमी बरोबर हवा, आणि तो घरी उजेडात, हातमोजे घालून दोनदा बदलून बघा. मनगटाला बांधायची दोरी ओढल्यावर इंजिन बंद पडतं का आणि थ्रॉटलचा खटका गोठलेला तर नाही ना, हे रोज बघायचं. दोन-स्ट्रोक थंड असताना जोरात पळवली तर पिस्टन आधी फुगतो आणि अडकतो. पाच मिनिटं धीर धरा.

सैल स्नोत ब्रेक मारून थांबू नका. ब्रेकने पट्टा खणतो आणि पुढे ढीग उभा राहतो, मग निघायला तोच अडतो. थ्रॉटल सोडा, गाडी आपोआप थांबू द्या. त्याहून बरं म्हणजे थांबायच्या जागी आधी एक मोठी फेरी मारा आणि स्वतःच दाबलेल्या वाटेवर, तोंड घराकडे करून थांबा. बसून नव्हे, गुडघे वाकवून उभं राहून चालवायला शिका. वजन ज्या बाजूला टाकाल तिकडे गाडी झुकते आणि वळते. उघड्या बर्फावर याच्या उलट: तिथे हँडल जवळजवळ निकामी असतं आणि ब्रेक लावला की मागची बाजू पुढे येते. तिथे सावकाश जाण्याला पर्याय नाही. रात्री दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. बर्फाच्या दाबाने उभी राहिलेली कड चंद्रप्रकाशात अजिबात दिसत नाही; भिंत आहे हे तिच्यावर आदळल्यावर कळतं.

ओढगाडी दोराने बांधून कधीही ओढू नका. तुम्ही थांबलात की ती थांबत नाही, पाठीत येते. लोखंडी दांड्यानेच जोडा. जड सामान तळाला आणि मध्यावर, तंबू आणि गाद्या वर. सुरुवातीला शंभर किलोच्या पुढे जाऊ नका आणि आखूड वळणं टाळा. बर्फ पाडायचं गिरमिट गाडीवर बांधताना पात्यांना झाकण हवंच. विजेवर चालणारं असेल तर त्याची बॅटरी जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवा. पहिलं भोक पाडून झालं की गिरमिट झटकून पुसून ठेवा, नाहीतर दुसऱ्या भोकापर्यंत ते बर्फाचा खांब होतं. मॅनिटोबात गळाला काटा चालत नाही, बिनकाट्याचेच गळ वापरावे लागतात. मासे गाडी उभी केली तिथेच धरायचे नाहीत; गाड्या एकमेकींपासून लांब उभ्या करा, कारण एका जागी तासन्‌तास उभं राहिलेलं ओझं बर्फाला हळूहळू वाकवतं. तंबूत गॅसचा हीटर लावलात तर वरची खिडकी उघडी. कार्बन मोनॉक्साइडबद्दल तुम्हाला मी काय सांगणार.

शिकारीबद्दल माझं मत ठाम आहे. स्किडू तुम्हाला शिकारीच्या जागेपर्यंत नेते, शिकार तिच्यावरून होत नाही. भरलेली बंदूक घेऊन गाडीवर बसणं आणि गाडीने जनावर पिटाळणं हे दोन्ही बेकायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी केलं नसतं. हिवाळ्यात मूस अंगावरच्या चरबीवर जगतं. छातीभर स्नोतून त्याला एकदा पळवलं की ती शिल्लक संपते, गोळी न लागताही ते मार्चमध्ये मरू शकतं. मी गाडी दीड-दोन किलोमीटर अलीकडे, वारा जनावराकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला ठेवतो आणि पुढे स्नोशूवर जातो. दाबलेल्या वाटेवर मूस समोर आलं तर इंजिन बंद करा आणि त्याला वेळ द्या. त्याच्यासाठीही ती एकमेव सोपी वाट असते. इथल्या काही भागांत मूसची शिकार पूर्ण बंद आहे, म्हणून दरवर्षीचं नवं नियमपत्रक बघितल्याशिवाय बेत आखू नका. कुणाच्या नोंदणीकृत ट्रॅपलाइनच्या वाटेवर सापळे दिसले तर हात लावू नका, आणि शक्य असेल तर त्या वाटेचा मालक शोधून आधी बोला. बंदुकीच्या परवान्याला सुरक्षा अभ्यासक्रम लागतो आणि पहिल्या अर्जाला किमान २८ दिवस थांबावंच लागतं, म्हणून अर्ज आत्ताच करा.

बंदूक रिकामी, कडक पेटीत, गाडीच्या हादऱ्यांपासून वाचवून. दुर्बिणीची नेम-रेषा सत्तर किलोमीटरच्या धक्क्यांनी हलते, पोचल्यावर तपासा. बोल्टमधलं जाड तेल उणे ३०ला गोंदासारखं होतं, ते पुसून काढा. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे पडलात तरी आत स्नो जाणार नाही. आणि रात्री बंदूक उबदार केबिनमध्ये आणू नका. दव धरतं, सकाळी बाहेर नेली की आतून गोठते. मोठ्या नर मूसचं जिवंत वजन ४०० किलोंच्या पुढे जातं. मांस चार-पाच भागांत करून दोन खेपा करा. एका खेपेत सगळं आणण्याच्या हट्टापायी अर्ध्या वाटेत अडकलेले लोक मी बघितलेत, आणि तेव्हा अंधार पडलेला असतो.

थंडीचा हिशोब एकदा करून ठेवा. उणे ३० अंश आणि गाडीचा वेग ४० किमी, वारा शून्य, तरी अंगाला ते उणे ४८ लागतं. आतून लोकर किंवा कृत्रिम धागा, सुती काहीही नको, मोजेसुद्धा. हातमोज्यांचा कोरडा दुसरा जोड, उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र, कुऱ्हाड, करवत, फावडं, दोर, मेणबत्ती, काडेपेटी आणि स्नोशू गाडीवर कायमच. फोन छातीच्या आतल्या खिशात. कुठे चाललात आणि किती वाजता परत येणार ते कागदावर लिहून घरी फ्रिजला लावा.

तुम्ही रुग्णालयातले, म्हणून एक सांगावंसं वाटतं. जोसेफ-आर्मांद बोम्बार्दिए हा क्वेबेकमधल्या व्हॅल्कूर्टचा मेकॅनिक. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा यव्हॉन पोटाच्या आजाराने गेला, कारण स्नोने रस्ते बंद होते आणि रुग्णालय गाठता आलं नाही. स्नोवरच्या गाडीचे प्रयोग तो आधीपासूनच करत होता. १९३७ मध्ये त्याला पट्ट्याच्या चाकाचं पेटंट मिळालं, आणि सात माणसं बसतील अशा बंदिस्त गाड्या डॉक्टर, पोस्ट, शाळा यांच्यासाठी धावू लागल्या. हलकी, एक-दोन माणसांची स्की-डू १९५९ मध्ये आली, ती आधी मिशनरी आणि सापळे लावणाऱ्यांच्या हाती पडली. त्याच्या जुन्या गोल खिडक्यांच्या गाड्या विनिपेग तळ्यावर मासेमार अजूनही चालवतात. कधी त्या तळ्याकाठच्या गिमलीला गेलात तर थांबून बघा.

पहिल्या तीन फेऱ्या अशा करा. पहिली घरामागच्या मैदानात दोन फूट स्नोत, मुद्दाम रुतवून आणि एकट्याने काढून. गाडी एकट्याने निघत नसेल तर ती तुमची नव्हे, हे तिथेच कळेल. म्हणून विकणाऱ्याकडून हे आधीच करून बघायची परवानगी मागा. दुसरी तळ्यावर, दुपारी, जिथे चार-पाच तंबू आधीच दिसतात तिथपर्यंत, दर शंभर पावलांवर भोक पाडत. तिसऱ्या वेळी मी येतो. जानेवारीचा दुसरा रविवार मला मोकळा आहे, हायवे १०ने सकाळी नऊपर्यंत पोचेन.

आणि गाडी घरी आणायच्या आधी अंगणात दोन जाड ओंडके आडवे टाकून ठेवा, चार फुटांच्या अंतरावर. रोज संध्याकाळी पट्टा आणि स्की त्यांच्यावर चढवून उभी करायची, खालून वारा खेळला पाहिजे. सकाळी सहाला ड्यूटीवरून आल्यावर थेट तळ्यावर जावंसं वाटेल, तेव्हा ती जमिनीला चिकटलेली नसेल.